पायांकडे बघणारा दातांचा डॉक्टर

दात दुखतो म्हणून आलेल्या माणसाला आधी मोजे काढायला लावणारा डॉक्टर मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. बालीगंजमध्ये माझ्या फ्लॅटपासून सात मिनिटांवर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता. दाराशी चपला काढण्यात काही नवल नव्हतं, कोलकात्यात बरेच डॉक्टर काढायला लावतात. पण इथे मालतीदी नावाच्या पन्नाशीच्या नर्सबाई दारातच आपल्या पायांकडे बोट दाखवून म्हणायच्या, "मोजाओ." म्हणजे मोजेसुद्धा. जानेवारीत तिथली लाल फरशी अशी गार असायची की दाताचं दुखणं दोन मिनिटं विसरायला व्हायचं. बरेच दिवस मला वाटत होतं, हीच त्यांची युक्ती असावी. तशी ती नव्हती.

मी तेव्हा पुण्याहून बदली होऊन नुकतीच आले होते. एस्प्लनेडजवळ एका विमा कंपनीच्या ऑफिसात आरोग्यविम्याचे दावे तपासायचं माझं काम. म्हणजे कुणाला कुठे किती दुखलं, हे कागदपत्रांवरून ठरवायचं. या कामानं स्वभाव बिघडतो. समोर माणूस कण्हायला लागला की याचं खरं किती आणि वाढवून सांगितलेलं किती, हे डोक्यात आपोआप सुरू होतं. त्यात माझी अक्कलदाढ आडवी वाढत होती आणि मी स्वतःच कण्हत होते, त्यामुळे मन:स्थिती काही फार समजूतदार नव्हती.

"मोजे कशाला?" मी हिंदीत विचारलं.

डॉक्टर पासष्टीचे असतील. किरकोळ अंगाचे, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खाली बघायची सवय. मला वाटलं लाजतात. ते म्हणाले, "मोजा के अंदर हम देख नहीं सकता."

"दाढ तोंडात आहे."

"दाढ मुँह में है. लेकिन मुँह झूठ बोलता है, मॅडम. हम मुँह का डॉक्टर है, हम जानता है."

मग खुर्ची मागे कलली आणि मला दिव्याच्या दांड्यावर बसवलेला स्कूटरचा आरसा दिसला. खराखुरा, स्कूटरला उजव्या हाताला असतो तसला, तारेनं आवळून बांधलेला. तो असा फिरवलेला होता की माझ्या तोंडात वाकलेल्या डॉक्टरांना डोळे जरा वर केले की माझ्या पायांची बोटं दिसावीत. काम करताना त्यांची नजर सारखी वरखाली व्हायची, दाढ, आरसा, दाढ, आरसा. रस्ता ओलांडताना मीसुद्धा इतकी बघत नाही.

त्या दिवशी मध्येच त्यांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "लागछे?" बंगालीत दुखतंय का असं विचारायचं ते असं विचारतात. आपल्या 'लागतंय का'च्या इतकं जवळचं की कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी मान हलवून नाही म्हटलं, कारण दुखत नव्हतं. ते म्हणाले, "लागछे," आणि थांबून राहिले. आणि मग, मी अजून नाही म्हणत असतानाच, जबड्यातून कानापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पायाच्या अंगठ्याला ते माझ्याआधी कळलं होतं. हे कसं, ते मला आजपर्यंत कुणी समजावून दिलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "पाँव मुँह से दूर है, इसलिए साफ बोलता है." याचा अर्थ काय, हे विचारायचं मी पुढे सोडून दिलं.

'दुखणार नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. ते म्हणायचे, "दुखेगा. थोड़ा दुखेगा, और हम रुकेगा." बधिर करायच्या औषधाची बाटली ते पाच पाच मिनिटं मुठीत धरून बसत, गार औषध टोचलं की जास्त झोंबतं म्हणून. तेवढ्या वेळात बाजारात कुठला मासा आला आहे ते सांगत. सुई टोचताना दुसऱ्या हातानं गाल हलवत राहत, आणि सुई इतकी सावकाश पुढे सरकवत की बाहेर बाकावर बसलेली माणसं चुळबुळ करायला लागत. एका बसचालकाला मी तिथे सलग तीन वेळा भेटले. अंगानं हा एवढा धिप्पाड, पण खुर्ची कलायच्या आधीच त्याची बोटं आत वळून बसायची. डॉक्टर त्याला नुसते खुर्चीत बसवायचे, दिवा लावायचे, दिवा बंद करायचे आणि घरी पाठवायचे. चौथ्या वेळी त्याची बोटं सरळ राहिली आणि दात निघाला. हा वेळेचा खेळखंडोबा कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दर्द आने से पहले आ जाता है. वो वाला पहले निकालना पड़ता है."

मला हे पटलंही आणि नाहीही. त्यांच्याबाबतीत माझं कायम असंच व्हायचं.

कारण त्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या एक आजीबाई खुर्चीत होत्या. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "मा गो, मोरे गेलाम गो," म्हणजे मेले गं आई. डॉक्टर मात्र शांतपणे काम करत राहिले. आजीबाई गेल्यावर मी विचारलं, तर आरशाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाँव एकदम चुप. ये दाँत का नहीं है मॅडम, बहू का है." मी खो खो हसले. ऑफिसात जाऊन चार जणांना ही गोष्ट सांगितली. तिथल्या लोकांना ती फार आवडली, कारण माणसं दुखणं वाढवूनच सांगतात, या विश्वासावर आमचं सगळं खातंच चालतं.

शिवाय त्यांची एक वही होती. पेशंटबरोबर जो आला असेल त्याला ते विचारायचे की याला किती दुखत असेल, सांगा. आणि मग तेच पेशंटला विचारायचे. त्यासाठी त्यांची स्वतःची एक मोजपट्टी होती. डास चावला तर एक. गरम चहानं जीभ पोळली तर दोन. 'कोई' नावाच्या माशाचा काटा घशात अडकला तर तीन. दारात बोट चेमटलं तर चार. त्यावरचं दुखणं ते लिहीत नसत, त्यावर थेट इलाज करत. दोघांची उत्तरं शेजारी शेजारी लिहून तिसऱ्या रकान्यात स्वतःचा अंदाज मांडायचे. "साथवाला हमेशा कम बोलता है," असं ते नेहमी सांगायचे. "खराब आदमी नहीं है. उसका दाँत नहीं है, बस."

या सगळ्या प्रकाराकडे मी गंमत म्हणूनच बघत होते. मग बाबा आले.

बाबा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीची तेहेतीस वर्षं कालव्याच्या कडेनं चालण्यात गेली. रोजचे दहा-बारा किलोमीटर, उन्हात, पावसात, पायात साध्या चपला. त्यांना स्वतःच्या पायांचा अभिमान होता, आणि दुखतं असं न म्हणण्याचाही. ताप असला तरी "काही नाही," हाताला टाके पडले तरी "काही नाही." आई होती तोवर बाबांचं दुखणं तीच सांगायची. "आज यांचं डोकं दुखतंय," ती म्हणायची आणि बाबा कधी नाकारायचे नाहीत. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि बाबांना कुठे काय दुखतं हे सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं. मी मुलगी, पण मला ते कधी जमलं नाही. मी विचारायची आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवायची.

हिवाळ्यात मी त्यांना हट्टानं कोलकात्याला आणलं. रोज सकाळी ते जवळच्या तळ्यावर, तिथे सगळे त्याला लेकच म्हणतात, चालायला जायचे, हिंदीचा मुडदा पाडत चहावाल्याशी गप्पा मारायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ते पोळी दुधात कुस्करून खातात आणि डाव्या बाजूनं चावतच नाहीत. शर्ट सैल झाला होता. त्यांना कित्येक वर्षांचा मधुमेह, साखरेच्या गोळ्या घेऊन जेवण कमी, म्हणजे एक दिवस चक्कर येऊन पडणार. त्या दाताचं काही झालं नाही तर त्यांना साताऱ्याला एकटं पाठवणं शक्य नव्हतं, आणि ते तर परतीचं तिकीट काढ म्हणून मागे लागले होते.

"बाबा, दात दुखतोय का?"

"काही नाही गं. जरा कणकण."

डॉक्टरांनी दाढ बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. डावीकडची खालची दाढ आतपर्यंत किडलेली, रूट कॅनाल करावं लागणार होतं. त्यांनी साखरेचं विचारलं, किती वर्षं आहे, गोळ्या कुठल्या, सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मग वही काढली.

"आप बोलिए, मॅडम. बाबा को कितना?"

बाबा खुर्चीत शांत पडले होते, हात पोटावर. "दोन," मी म्हटलं.

"आप, दादा?"

"मेरेकू कुछ नहीं है जी."

डॉक्टरांनी मोजपट्टी समजावून सांगितली. माशाच्या काट्यापाशी गाडी अडली, कारण बाबांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. डॉक्टरांना हे खरं वाटेना. "पूरा जीवन?" त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा विचारलं, आणि मग फार गंभीर होऊन म्हणाले की मग तुमच्याकडचं काहीतरी सांगा. बाबांनी विचार केला. "बाभळीचा काटा," ते म्हणाले, "चपलेतून वर येतो तो." मी भाषांतर केलं. डॉक्टरांनी ते बंगालीत लिहून घेतलं. बाबांचं उत्तर मात्र शून्य ते शून्यच राहिलं.

इंजेक्शन झालं. बाटली मुठीत धरून, गाल हलवत, सगळं रीतसर. ओठ जड झाला का, विचारलं, बाबा हो म्हणाले. मग मशीन सुरू झालं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते आणि मलाही आरसा दिसत होता. बाबांची दहाही बोटं निवांत होती. डॉक्टर दाढ, आरसा, दाढ, आरसा करत होते आणि हळूहळू खुलत चालले होते. एकदा तर काम न थांबवता बंगालीत मालतीदींना म्हणाले की असा पेशंट दहा वर्षांत बघितला नाही. मालतीदी लाळ ओढणारी नळी धरून बाबांच्या तोंडाजवळ उभ्या होत्या. त्या काहीतरी पुटपुटल्या. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येतंय, असं ते असावं. डॉक्टर म्हणाले, "आलो," म्हणजे दिव्याचा उजेड. ते वीसएक मिनिटं चाललं.

खुर्ची सरळ झाली, बाबा उठले आणि त्यांचा तोल गेला. मी धावत जाऊन धरलं तर शर्ट पाठीला चिकटलेला, पिळून निघेल इतका ओला. माझा हात धरायला त्यांनी मूठ उघडली तेव्हा त्यांच्या तळहातावर मला चार नखांच्या खुणा दिसल्या. एका खुणेतून रक्त येत होतं.

"बाबा, दुखलं का?"

"थोडं," बाबा म्हणाले.

तेहेतीस वर्षं कालव्यावर चाललेल्या माणसाच्या तोंडून 'थोडं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझं डोकं फिरलं. मी डॉक्टरांना वाट्टेल ते बोलले. इंजेक्शन लागू झालंच नव्हतं, तुम्ही जिवंत माणसाची नस कुरतडत होता आणि बघत होता आरशात. डॉक्टर आरशाकडे बघत होते. "पाँव नहीं हिला," ते म्हणाले. "एक बार भी नहीं हिला." मला सांगत नव्हते, स्वतःलाच विचारत होते. आणि मग अचानक त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बाबांना पुन्हा खुर्चीत बसवायला लावलं आणि स्वतः त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले.

बाबांनी पाय आखडून घेतले. "अहो, हे काय, उठा." आपल्याच वयाच्या माणसानं पायांना हात लावावा हे त्यांना सहन होईना. पण डॉक्टरांनी माझ्याकडून त्यांना सांगवलं की डोळे मिटा, आणि ज्या पायाला हात लागेल तो सांगा, उजवा की डावा.

बाबांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी कापसानं डाव्या अंगठ्याला स्पर्श केला. मग दुसऱ्या बोटाला. मग हातातल्या हत्याराच्या बोथट टोकानं उजव्या पायाची बोटं एकेक करून दाबली, चांगली जोर लावून. बाबा डोळे मिटून वाट बघत होते. मग मला म्हणाले, "सांग त्यांना, करा म्हणावं सुरू."

मालतीदींनी तोंडावर हात ठेवला.

"शुगर," डॉक्टर म्हणाले. "हमने खुद लिखा है. अपने हाथ से लिखा है." इतक्या वर्षांच्या साखरेनं बाबांच्या पायांतली जाणीव गेली होती, बोटं शांत होती ती त्यामुळे. मग डॉक्टरांनी टाच धरून डावा पाय वर उचलला आणि तळव्याकडे बघितलं, जो आरशात कधी दिसत नव्हता. अंगठ्याच्या खाली, जाड कातडीत, नाण्याएवढी जखम होती. कडा काळ्या, आत ओलं. मालतीदी दाराशी जाऊन बाबांची चप्पल घेऊन आल्या. आठ-दहा दिवसांपूर्वी बाबांनी तिला स्टेशनबाहेर नवा तळ मारून घेतला होता. आतून एका खिळ्याचं टोक वर आलं होतं, आणि घासून घासून चकचकीत झालं होतं. तेवढे दिवस रोज सकाळी बाबा त्याच्यावर उभे राहून लेकला फेऱ्या मारत होते.

पुढचं सगळं घाईत झालं. बाहेर दोन पेशंट मोजे काढून बसले होते, त्यांना डॉक्टरांनी घरी पाठवलं आणि टॅक्सी थांबवली. हॉस्पिटलमध्ये सर्जननी जखम साफ केली, चार दिवस ठेवून घेतलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी आठवडा गेला असता तर पाय ठेवता आला नसता. बाहेर कॉरिडॉरमध्ये आले तर बाकावर डॉक्टर बसलेले. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. ते दवाखान्यातून तसेच अनवाणी आले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

या माणसाचे पाय धरावेत की याच्या अंगावर ओरडावं, मला कळेना. त्यानं बाबांना वीस मिनिटं नरकात ठेवलं होतं, आणि त्यानंच बाबांचा पाय वाचवला होता. दोन्ही गोष्टी एकाच खुळापायी. मी म्हटलं, "ती आजी ओरडत होती तेव्हा तिचं तुम्ही ऐकलं नाहीत. बाबा ओरडले नाहीत, तर त्यांचंही ऐकलं नाहीत. मग तुम्ही ऐकता कुणाचं?"

"वही तो सोच रहा है," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून ती वही काढून माझ्यापुढे धरली. बाबांच्या ओळीत पेशंटचा आकडा शून्य, बरोबर आलेल्याचा दोन, डॉक्टरांचा एक. "तीनों गलत," ते म्हणाले. ते माझ्यावर टीका करत नव्हते. मला मात्र ते फार लागलं, कारण त्या दोनमध्ये माझं अख्खं आयुष्य होतं. मी बाबांकडे इतकी वर्षं दोनच्या वर कधी बघितलंच नव्हतं.

बाबा घरी आल्यावर डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना उघडायच्या आधी येऊन जायचे. जमिनीवर बसून दोन्ही तळवे बघायचे, वहीत काहीतरी लिहायचे, चहा घ्यायचे. बाबा मराठीत बोलायचे, ते बंगालीत, आणि दोघांचं छान चालायचं. ते अपराधी वाटून येतात की अभ्यास म्हणून येतात, हे मला ठरवता आलं नाही. एकदा विचारलंसुद्धा. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "दोनों होगा." मग आणखी विचार करून म्हणाले, "चाय भी अच्छा है."

पण दाढ अर्धीच राहिली होती. वर तात्पुरतं सिमेंट भरलेलं, ते महिना-दीड महिना टिकणार. मी एस्प्लनेडजवळच्या एका नव्या चकाचक दवाखान्यात वेळ घेऊन ठेवली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "नको. त्यांच्याकडेच जाऊ."

"त्यांच्याकडे? एवढं झाल्यावर?"

"त्या माणसाला आता माझ्यावर भरवसा राहिला नाही," बाबा म्हणाले. "तेच बरं."

यातलं मला काही कळलं नाही, पण मी दुसरीकडची वेळ रद्द केली.

आम्ही गेलो. पाय बरा झाला होता, बाबांच्या पायात मऊ बूट होते आणि मालतीदींनी या वेळी काही काढायला लावलं नाही. डॉक्टर बेचैन होते. एकाऐवजी दोन इंजेक्शनं दिली, वाट बघितली, पुन्हा वाट बघितली. मग हत्याराचं टोक दाढेला जेमतेम लावून थांबले. "लागछे?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"सच?"

"हां जी. कुछ नहीं."

डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं. उचललं, लावलं, विचारलं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा खाली. असं तीन वेळा झालं. शेवटी ते स्टूल ओढून बाबांच्या खांद्याशी बसले आणि म्हणाले, "दादा, आपका 'नहीं' हम नहीं लेगा. आप एक बार 'हाँ' बोलिए. सच्चा वाला. उसके बाद हम आपका 'नहीं' भी मानेगा. नहीं तो हम कैसे काम करेगा?"

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबा दिव्याकडे बघत पडून राहिले. मालतीदी नळी धरून उभ्या होत्या, पंखा फिरत होता. मग बाबांनी गालातला कापूस स्वतःच्या बोटांनी काढला.

"मागच्या वेळी फार दुखलं," ते म्हणाले. "सोसवत नव्हतं. हात वर करावा असं चार वेळा मनात आलं. नाही केला. पोरीसमोर कसा करणार."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मराठी कळत नव्हतं आणि हे सांगायचं मलाच होतं. मी हिंदीत सुरुवात केली, 'पिछली बार' एवढं म्हणाले आणि मला रडू आलं. पण सांगितलं. चार वेळा हात वर करावासा वाटला इथपर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटचं वाक्यसुद्धा गाळलं नाही.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. उठून त्यांनी पुन्हा हात धुतले, आणि काम सुरू केलं.

त्यानंतर बाबांनी सुरुवात केली. टोक लागलं की "दुखतंय." मशीन लांब असतानाही "दुखतंय." एकदा तर डॉक्टर नुसता दिवा सरकवत होते, तेव्हाही. प्रत्येक वेळी डॉक्टर दोन्ही हात तोंडातून बाहेर काढायचे आणि स्वस्थ बसून राहायचे, बाबा "चालू द्या" म्हणेपर्यंत. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मी सवयीनं मोजत होते. बाबा एकूण अकरा वेळा दुखतंय म्हणाले. त्यातलं खरं किती आणि उगाच किती, मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी ते विचारलं नाही. ते अकराही वेळा थांबले.